बुधवारचे ताट

शाळेच्या व्हरांड्यात संगमरवरी फलक बसवायचे ठरले आहे. त्यावर कोरायचा मजकूर घेऊन आमचे तरुण मुख्याध्यापक गेल्या आठवड्यात माझ्याकडे आले. मजकूर असा होता : ‘या गावाने एका भुकेल्या मुलीला अन्न दिले. तिने तालुक्यात पहिली येऊन गावाचे पांग फेडले. हेच खरे मूल्यशिक्षण.’ खाली ‘योजनेचे जनक’ असे लिहून माझ्या नावासाठी जागा सोडलेली होती.

मी तो मजकूर वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

“सर,” मी म्हणालो, “एवढ्याशा जागेत इतके असत्य बसवायला कौशल्य लागते. मुलगी भुकेली नव्हती. गावाने काही दिले नाही. सात घरांनी दिले, आणि त्यांतल्या एकाने पहिल्या वेळी चुकीच्या रीतीने दिले. ती तालुक्यात पहिली आली नाही. आणि जनक मी नव्हे.”

मुख्याध्यापक हसले. “गुरुजी, फलकावर थोडं गोड लिहावंच लागतं. खरं काय ते गावात सगळ्यांना माहीत आहे.”

“माहीत आहे, हेच दुखणे आहे. प्रत्येकाला वेगळे माहीत आहे.”

एस.टी. थांब्यासमोरच्या हॉटेलात ही गोष्ट एका तऱ्हेने सांगतात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दुसऱ्या, आणि कोणा उत्साही तरुणाने मोबाईलवर फिरवलेल्या चित्रफितीत तर मी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून रडलो असेही सांगितले आहे. मी रडलो नाही. चाळीस वर्षे मी याच गावच्या विद्यालयात मराठी शिकवले. निवृत्त होऊनही पुष्कळ काळ लोटला. विद्यार्थ्यांसमोर रडण्याची सवय मला नाही. जे घडले ते मी पाहिले आहे आणि ज्यांनी पाहिले नाही तेच अधिक बोलत आहेत, म्हणून हे लिहिणे आले.

आमचे गाव पाथर्डीच्या पूर्वेला, माळरानावर. दिवाळी झाली की गावातली निम्मी दारे बाहेरून बंद होतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि असे कोयते ट्रॅक्टर भरभरून ऊसतोडीला जातात, ते चैत्राच्या सुमाराला परततात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालते. त्या वर्षी मात्र त्याची मंजुरी कुठल्याशा टेबलावर अडकली. दिवाळी संपली, ट्रॅक्टर दाराशी आले, मंजुरी आली नाही. लहान मुले कोणी मामाकडे, कोणी आजोबांकडे ठेवली. उरलेली कोयत्याबरोबर गेली.

ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली एक मुलगी त्या वर्षी दहावीत होती. तिच्या घरी आजी होती, पण आजीची दृष्टी गेलेली. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुलीचे वडील माझ्या ओट्यावर आले. त्यांच्या लहानपणी मी त्यांनाही शिकवलेले आहे. ते जे बोलले ते मी जसेच्या तसे देतो, कारण ‘भुकेली’ हा शब्द तिथेच खोटा ठरतो.

“गुर्जी, पोटाचं काय न्हाई. घरात बाजरी हाय आन पोरीला भाकरी येती. तिच्यासारखी भाकरी आख्ख्या वस्तीत कोनाला येत न्हाई. पन आईला दिसत न्हाई. पोरगी साळंतून आली का, चार घास खाल्लं का, हासती का रडती, ह्ये बघायला कोनाचं तरी डोळं पायजेत का न्हाई? वयात आलेली पोर हाय. एक दिस जरी ती कोनाच्या नजरंला न्हाई पडली, तर मी तिला उसाच्या फडावर घिऊन जानार. मंग धावी गेली उडत.”

म्हणजे प्रश्न अन्नाचा नव्हताच. रोज तिला कोणीतरी डोळ्यांनी पाहावे, एवढीच त्या बापाची मागणी होती.

वार लावण्याची कल्पना मी काढली, हे खरे. पण कल्पना माझी नव्हे. ती या महाराष्ट्रात माझ्या पणजोबांच्याही आधीपासून आहे. परगावी शिकणाऱ्या गरीब मुलाने आठवड्याचा एकेक वार एकेका घरी जेवायचे, असा रिवाज होता. मी स्वतः नगरला असाच शिकलो. गुरुवारच्या घरी ओसरीवर माझा पाट असे. वाढणाऱ्या बाई मायाळू होत्या, ताक नेहमी जास्तीचे वाढत. जेवण झाले की ताट घासून भिंतीला उपडे लावायचे आणि नमस्कार करून निघायचे. त्या सात घरांपैकी एकाही स्वयंपाकघराचा उंबरा मी ओलांडला नाही, आणि माझे गाव कोणत्या दिशेला आहे हे विचारावेसे त्यांपैकी कोणाला वाटले नाही. त्यांनी दिले, मी नम्रतेने घेतले. यालाच संस्कार म्हणतात, असे मी पुढे वर्गावर्गांतून सांगत आलो.

तेव्हा मी गावात फिरून सात घरे ठरवली. रविवार आमचा. सोमवार पोस्टमनचा, मंगळवार एका शिंपी कुटुंबाचा, आणि बुधवार विहिरीला बारमाही पाणी असलेल्या एका शेतकरी घराचा. डाळिंबाची बाग, दारात ट्रॅक्टर, खाती-पिती माणसे. पुढचे वारही लागले. मुलीने सकाळी आजीपुरता स्वयंपाक करायचा आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्या त्या घरी जेवून परत यायचे. माझी पत्नी म्हणाली, “जमेल. पण अहो, प्रत्येक घरी जाऊन भाषण करू नका. लोक तुमच्या भाषणाला भिऊन नाही म्हणतील.”

रविवारी ती आमच्याकडे जेवली. सोमवार, मंगळवार सुरळीत गेले. बुधवारी घोटाळा झाला.

बुधवारच्या घरच्या सूनबाईंनी (पुढे मी त्यांना बुधवारच्या बाई म्हणेन) मुलीला दारातच डबा दिला. चांगला मोठा, स्टीलचा, चार पुडांचा. मुलीने तो घेतला, क्षणभर हातात धरला, मग ओट्याच्या कट्ट्यावर ठेवून दिला आणि घरी गेली. हॉटेलातल्या आवृत्तीत ती डबा फेकते. फेकला नाही. गुरुवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा तो डबा कट्ट्यावर झाकण न उघडता तसाच उभा होता. घरातल्या कोणाला तो उचलण्याचे धैर्य झाले नव्हते.

पण हॉटेलातली आवृत्ती माझ्याआधी फडावर पोचली. गुरुवारी सकाळीच वडिलांचा फोन आला. “गुर्जी, पोरीनं डबा भिरकावला म्हनं? उपाशी झोपली म्हनं?”

“भिरकावला नाही.”

“जेवताना कोनी बघितलं तिला?”

“कोणी नाही.”

“मंग माझं ठरलं. उंद्या सकाळी मुकादमाचा टेम्पो गावाकडं यायचाय, सामान न्यायला. तिला त्यात बसवून द्या.”

मी चप्पल घालून ओढ्यापलीकडे गेलो. मुलगी दारात आजीची वेणी घालत होती. मी रागावलेला होतो आणि ते लपवले नाही.

“डबा का ठेवलास?”

“आबांनी काय सांगितलं हुतं गुर्जी? कोनीतरी बघितलं पायजे. डबा घरी आनून खाल्ला तर मला कोनी बघितलं? डब्यानं?”

हे योग्यच होते. मी तसे म्हणणार, एवढ्यात ती पुढे बोलली.

“आन आजून एक. मी सगळ्यांच्या ताटावर बसनार. पन आई-आबा आल्यावर त्या सगळ्यांनी आमच्या ताटावर बसायचं. आमच्या घरी. ज्यांना जमनार न्हाई त्यांचा वार मला नको.”

आता लोक सांगतात की हे तिने हात जोडून, हळू आवाजात म्हटले. मुळीच नाही. तिचा स्वर उद्धट होता. मी तेव्हा तिला तसे सुनावले आणि आजही माझे मत बदललेले नाही. मी म्हणालो, “घेणाऱ्याने अटी घालायच्या नसतात. मी नगरला सात घरी जेवलो. एकालाही अट घातली नाही.”

“मंग त्यातलं कोन आलं तुमच्या घरी जेवायला?”

“कोणी नाही. आणि त्यावाचून माझे काही बिघडले नाही.”

“तुमचं न्हाई बिघडलं, गुर्जी. पन त्यांचं बिघडलं आसंल ना? तुमच्या घरी काय चांगलं शिजतं, त्ये त्यांना कधी कळलंच न्हाई.”

वेणी घालता घालता तिने हे म्हटले. माझ्याकडे पाहिलेही नाही. आंधळी आजी मात्र माझ्या दिशेला तोंड करून हसली. वादविवादात मी सहसा हरत नाही, हे गावाला ठाऊक आहे. त्या सकाळी मी हरलो असेही नाही, मला फक्त शाळेची घंटा ऐकू आली आणि मी म्हणालो, “शाळा सुटल्यावर थांब. बुधवारच्या घरी जाऊ.”

दिवसभर मी त्या वाक्याशी भांडत राहिलो. देणाऱ्याचे काही बिघडते, हा विचार मला कोणी शिकवला नव्हता. दानाने देणारा मोठा होतो आणि नम्रतेने घेणारा सुधारतो, एवढेच मी वाचले होते आणि तेच शिकवले होते. नगरच्या त्या गुरुवारच्या मायाळू बाईंनी एवढे ताक वाढले. पण आमच्याकडच्या बाजरीच्या खिचड्याची चव त्यांना आयुष्यात कळली नाही, आमच्या माळावरचे आभाळ त्यांनी पाहिले नाही, आणि ओसरीवरच्या पोराला आई आहे की नाही हेही त्यांना ठाऊक नव्हते. मग शिकले कोण? मी व्याकरण शिकलो. त्या काहीच शिकल्या नाहीत.

शाळा सुटल्यावर मी आणि ती मुलगी बुधवारच्या घरी गेलो. सासूबाई ओट्यावर सुपात हुलगे पाखडत होत्या. सूनबाई दारात आल्या.

“या गुर्जी. भांडायला आलात का चहाला?”

“दोन्हीला,” मी म्हणालो.

सासूबाईंनी सूप थांबवले नाही. मुलीकडे न बघता त्या म्हणाल्या, “भरल्या डब्याला पाठ दाखवून गेली. आन्नाला आसं कोनी टाकतं का गं, आँ? गुर्जी, ह्येच शिकवलंत का साळंत?”

“तुमच्या मुलालाही मीच शिकवले,” मी म्हणालो. “त्याने काय टाकले ते सांगू का?”

बाईंनी पदर तोंडाला लावला. नवऱ्याच्या शाळेतल्या करामती त्यांना माहीत असाव्यात. मग त्या गंभीर झाल्या आणि माझ्याकडेच न्याय मागू लागल्या.

“तुमीच सांगा गुर्जी, माझं काय चुकलं? आमच्यात पुरुषमानसं आधी जेवत्यात. हिला त्यांच्या पंगतीला बसवावं, तर पोर लाजंल. आमा बायांसंगं बसवावं, तर तवर लई उशीर हुतो आन भाकरी गार. पाव्हनी म्हनावं, तर गावातलीच. घरची म्हनावं, तर…”

“तर काय?” मुलीने विचारले.

बाई उंबऱ्याकडे पाहत थांबल्या. सूपही थांबले.

या एका क्षणावरून गावात दोन तट आहेत. एका तटाचे म्हणणे, बाईंनी जातीमुळे मुलीला घरात घेतले नाही; बाकी सगळ्या सबबी. दुसऱ्याचे म्हणणे, जातीचा संबंधच नव्हता, उगाच बदनामी. मी दोघांनाही सांगतो : तुम्ही तिथे नव्हता. त्या ‘तर’पुढे काय होते ते आम्हां चौघांनाही कळले होते. पण पुरुषांची पंगत, वयात आलेली पोर आणि गार भाकरी, हेही खोटे नव्हते. पाहुणीला कुठे बसवायचे आणि घरच्या मुलीला कुठे, हे त्या बाईंना पक्के ठाऊक होते. या दोहोंत न बसणारे माणूस दारात उभे राहिले, तेव्हा त्यांनी आपल्याकडे नेहमी होते तेच केले : जागा सुचेना म्हणून डबा भरला.

“मला गार भाकरी चालती,” मुलगी म्हणाली. आणि मग तिने ती अट घातली, सकाळी मला सांगितली तशीच.

सासूबाईंनी सूप मांडीवरून खाली ठेवले. “म्हंजी आमी तुज्या घरी जेवायला यायचं?”

“व्हय.”

“आन काय घालशील खायाला?”

“शेंगोळं.”

“तुला येत्यात का वळायला?”

“न्हाई.” मुलीने सुपातल्या हुलग्यांकडे पाहिले. “आईला येत्यात. पन हुलगं निघत्यात तवा आई फडावर असती. मी कधी शिकलेच न्हाई.”

हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या, पिठाचे शेंगोळे हे आमच्या भागातले थंडीचे खाणे. पीठ मळून हातावर बारीक वळ्या करायच्या आणि तिखट उकळत्या पाण्यात सोडायच्या. आमच्याकडच्या बायकांना ते येत नाही असे मी तोवर ऐकले नव्हते. आणि आई असते तेव्हा हुलगे नसतात, हुलगे असतात तेव्हा आई नसते, हे मी इतकी वर्षे या गावात राहून कधी ध्यानात घेतले नव्हते.

बुधवारच्या बाईंनी कमरेवर हात ठेवले. “शेंगोळं येत न्हाईत आन जेवायला बोलावती? कशाच्या जोरावर गं?”

“येतील की. आजून चैत्राला लई टाईम हाय.”

बाई खळखळून हसल्या. ते हसू मी अजून विसरलेलो नाही. “ये आत. हात धू आधी. नखं बघू? हां. चल.”

सासूबाईंनी सूप ओट्यावर आपटले, हुलगे उडाले. सूनबाईंनी मागे वळून पाहिले नाही. मुलगी चौकटीतून आत गेली, आणि मी ओट्यावर सासूबाईंच्या समोर, त्यांच्या मौनाला तोंड देत बसलो. पाहुणी आणि घरची यांच्यामध्ये एक तिसरी जागा असते, शिकायला आलेल्या माणसाची, हे त्या बाईंना कोणी सांगितले नव्हते. मलाही सांगितले नव्हते, आणि मी शिक्षक होतो.

आतून आवाज येऊ लागले. “तेल लाव हाताला. आगं, ही वळी हाय का नांगराचा रुमणा? करंगळीपरीस बारीक पायजे. पुन्ना कर.” मग थोड्या वेळाने, “मोडलं? मोडू दे. पुन्ना.”

मी मुलीच्या वडिलांना फोन लावला. पलीकडे उसाच्या पाचोळ्याचा सळसळाट होता.

“पोरगी दिसती का?” त्यांनी विचारले.

“दिसत नाही. बुधवारच्या घरात आहे, आत, स्वयंपाकघरात. ऐका.” मी फोन दाराकडे धरला. आतून बाईंचा स्वर चढलेला होता : “आत्ता सांगितलं ना तुला! कान कुठं ठिवले?”

पलीकडचा सळसळाट थांबला; वडील उभे राहिले असावेत. मग म्हणाले, “कोन वरडतंय तिच्यावर?”

“घरच्या सूनबाई.”

“कशापायी?”

“शेंगोळे जाड झाले म्हणून.”

पुन्हा पाचोळा ऐकू आला. कोणीतरी त्यांना हाक मारत होते. “मंग ऱ्हाऊ द्या, गुर्जी,” ते म्हणाले. “टेम्पोवाल्याला सांगतो, सामानच घिऊन ये.”

अशी ती दहावीला राहिली. माझ्या पुण्याईने नाही, गावाच्या औदार्याने नाही. तिला रागावणारे कोणीतरी आहे, हे तिच्या बापाच्या कानाने ऐकले म्हणून.

बाकीच्या घरांनी अट मान्य केली. काहींनी हसत, काहींनी माझ्या भाषणाला कंटाळून. हिवाळाभर वार चालले. पोस्टमनच्या घरी तिची भूगोलाची उजळणी होई. शिंप्याच्या घरी ती काजे करायला शिकली, आणि त्यांची धाकटी मुलगी तिच्याकडून चुलीवर भाकरी फुगवायला. आमच्याकडे ती माझ्याशी भांडे. बुधवारी ती बायांबरोबर शेवटच्या पंगतीला बसे आणि गार भाकरी खाई. आणि फाल्गुन लागेपर्यंत त्या घरात बायांची भाकरीही गरम निघू लागली होती. हे कसे झाले ते मला कोणी सांगितले नाही. मी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, “पुरुषांनी आपापलं वाढून घेतलं तर लवकर उरकतं, हे ध्येनात आलं.”

परीक्षेचा निकाल लागला. ती तालुक्यात पहिली आली नाही. शाळेतही पहिली आली नाही. मराठीत तिला चांगले गुण होते, इतरांत बेताचे, आणि गणितात ती काठावर तरली. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ‘पहिली आली’ म्हटल्याशिवाय या गोष्टीला किंमत नाही असे लोकांना वाटते. म्हणजे गणितात काठावर तरलेल्या मुलीला दहावीला ठेवणे चूक होते काय? ज्याला असे वाटते त्याने आपले मूल्यशिक्षण परत शाळेत जमा करावे.

पण निकाल उन्हाळ्यातला. त्याआधी चैत्रात कोयते परतले, आणि अटीचा दिवस आला. बुधवारच धरला होता.

वडिलांना मटण करायचे होते. “सात घरची मानसं यायची, आन हुलगं घालायचं त्यांना? लोकं काय म्हंतील?” मुलगी म्हणाली, “शेंगोळं ठरलंय.” आई हसून बाजूला झाली, चैत्रात शेंगोळे कोण करतो, असे ती म्हणाली, पण बुधवारच्या बाईंनी राखून ठेवलेले पीठ पोरीकडे आधीच पोचले होते.

चित्रफितीत सांगतात की सारे गाव लोटले. लोटले नाही. पत्र्याच्या घरापुढे अंगणात सतरंज्या घातल्या होत्या आणि बराच वेळ त्यांवर मी, माझी पत्नी आणि पोस्टमनचे कुटुंब एवढेच होतो. वडील अंगणाच्या टोकाला उभे राहून ओढ्याकडे बघत होते. मुलगी दर थोड्या वेळाने दारात येई, सतरंजीकडे बघे आणि आत जाई. हिवाळाभर ती ज्या अटीवर जेवली, ती अट आज पाळली जाते की नाही, याची ती वाट पाहत होती. आणि पाळली गेली नसती तर हिवाळ्यातले प्रत्येक ताट ओसरीवरचे ठरले असते, माझ्या ताटांसारखे. माझी पत्नी माझ्या कानाशी म्हणाली, “आता गप्प बसा. काही बोलू नका.” मी बोलणार नव्हतोच.

शिंप्याचे कुटुंब आले. मग आणखी दोन घरे. एक घर आले नाही. त्यांचा वार कोणता ते मी लिहीत नाही. त्यांना माहीत आहे, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे चहा घेत नाही, हेही त्यांना माहीत आहे. शेवटी ओढ्याच्या वाटेने बुधवारच्या बाई आल्या. बरोबर नवरा, हातात पिशवी. बाई थेट सतरंजीवर बसल्या, पहिला घास घेतला, आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत असताना म्हणाल्या, “मीठ कमी हाय.”

“तुमीच कमी घालायला लावलं,” मुलगी दारातून म्हणाली.

“बोलाय लागली लई. जा, मीठ आन.”

अंगण हसले. वडील ओढ्याकडे बघायचे थांबले आणि वाढायला लागले.

यापुढे जे घडले त्याबद्दल गावात सर्वांत मोठी थाप आहे. जेवणे होत आली तेव्हा बाईंच्या नवऱ्याने पिशवीतून डबा काढला. तोच, स्टीलचा, चार पुडांचा. खाली मान घालून तो म्हणाला, “आई न्हाई आली. गुडघं दुखत्यात म्हनली. डबा भरून आन म्हनली.”

बाईंनी नवऱ्याकडे असे पाहिले की त्याने डबा पुन्हा पिशवीत घालायला घेतला.

हॉटेलातल्या आवृत्तीत मुलगी इथे ताठ उभी राहते आणि म्हणते, ‘आम्ही डबा देत नाही, ताटावर या’. म्हातारी शरमून चालत येते, आणि ऐकणारे टाळ्या वाजवतात. मला ही आवृत्ती आवडायला हवी. माझा स्वभाव तसाच आहे. त्या क्षणी माझ्या जिभेवर हेच वाक्य होते. पण तसे झाले नाही. मुलीने त्याच्या हातातून डबा घेतला, त्याचे चारही कप्पे भरले, दोन ताटल्या काखेत मारल्या आणि चप्पल घालू लागली.

“कुठं चालली?” वडिलांनी विचारले.

“त्या आजी एकट्याच जेवतील. जेवल्या का न्हाई, कोन बघनार?”

ती ओढा उतरून गेली. मी काठी घेऊन मागून निघालो. पत्नीने अडवले, तरी निघालो. मला पोचायला वेळ लागला. मी पोचलो तेव्हा त्या ओट्यावर, कट्ट्यापाशी, दोघी समोरासमोर बसल्या होत्या, दोघींपुढे ताटल्या होत्या, आणि मुलगी म्हातारीला दुसऱ्यांदा वाढत होती.

“गुडघं लई दुखत्यात गं,” सासूबाई सांगत होत्या. “न्हाई तर आलेच असते.”

गुडघे दुखत होते, हे खरे. त्याच आठवड्यात त्या शेजारच्या गावच्या जत्रेला पायी जाऊन आल्या होत्या, हेही खरे. सगळ्या गावाने पाहिले होते, आणि मुलीनेही. माझ्या वर्गातल्या कोणत्याही हुशार मुलाने इथे जत्रा काढली असती. मी तर नक्कीच.

“व्हय आजी, लांबच पडतं,” मुलगी म्हणाली. “पुढच्या साली तुमच्या घरच्यास्नी सांगते, तुमाला ट्रॅक्टरात बसवून आना म्हनून.”

म्हातारीने तिच्याकडे पाहिले. मग ताटलीतल्या वळीकडे. “बारीक जमली ह्या टायमाला,” ती म्हणाली.

पुढच्या चैत्रात म्हातारी ट्रॅक्टरमधून आली. वार न सांगितलेल्या त्या घरची सूनही आली. तिचा मात्र मी चहा घेतो.

हे सगळे मी मुख्याध्यापकांना सांगितले. आता वसतिगृहाला वेळेवर मंजुरी मिळते आणि मुले तिथेच जेवतात; पण बुधवारी संध्याकाळी ती गावातल्या घरोघरी जेवायला जातात, आणि चैत्रात ती घरे ओढ्यापलीकडे जातात. ती मुलगी नगरला नर्सिंग शिकते आहे. सुटीत आली की बुधवारच्या घरी आधी जाते आणि माझ्याकडे नंतर. याबद्दल मी तिच्याशी भांडलेलो आहे.

“पण गुरुजी,” मुख्याध्यापक म्हणाले, “संगमरवर तर आणून ठेवलाय. मग त्यावर लिहू काय?”

“काही लिहू नका. गुळगुळीत आहे ना? वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात द्या. हुलगे निघायला लागलेत. मुलांना पीठ मळायला लागेल.”

त्यांना वाटले मी थट्टा करतो आहे. काल मी वसतिगृहात जाऊन आलो. बुधवारच्या बाई पदर खोचून उभ्या होत्या, पाच-सहा पोरेपोरी त्या पांढऱ्या दगडाभोवती बसली होती, कोपरापर्यंत पीठ, आणि बाई ओरडत होत्या, “आरं, रुमणा न्हाई करायचा! पुन्ना.”